तोंड दाखवून जायचं

धुळ्यात देवपूरला अक्कांच्या घरी वरच्या मजल्यावर मी सहा वर्षं भाड्यानं राहिले. बाकीचे घरमालक पाण्याचे, मटणाचे, पाहुण्यांचे नियम सांगतात. अक्कांनी नळ दाखवला, मीटर दाखवलं, आणि मग जिन्याच्या पायरीवर उभ्या राहून एकच नियम सांगितला. "घरातून बाहेर पडताना मला तोंड दाखवून जायचं. येताना नाही दाखवलं तरी चालेल. येणाऱ्याची मला काळजी नसते."

मला वाटलं, म्हातारी चौकस दिसते, भाडेकरूंवर नजर ठेवायची हौस आहे. पण भाडं परवडणारं होतं, खोल्यांना उजेड होता, म्हणून मी गप्प बसले. एरवी गप्प बसणं माझ्या पत्रिकेत नाही.

मी नर्स. तेव्हा एका खासगी दवाखान्यात होते, सकाळी सातची ड्यूटी. पावणेसातला एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात चप्पल घेऊन मी जिना उतरायची, की खाली अक्का दारात उभ्याच.

"निघालीस?"

"निघाले अक्का, उशीर झालाय."

"वर बघ."

वर बघायचं. त्या सावकाश माझा चेहरा बघायच्या आणि मग म्हणायच्या, "जा आता." एकदा मी वैतागून तशीच सटकले, तर कोपऱ्यावरच्या गिरणीपर्यंत अनवाणी माझ्या मागे आल्या. "तोंड दखाडीसन जाय वं! चोर शेस का तू?" गिरणीवाला दळण सोडून आमच्याकडे बघत राहिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवसापासून मी मुकाट्यानं तोंड दाखवायला लागले.

अक्का जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. बोलणं एकदम पाठ्यपुस्तकी. रागावल्या की मात्र अहिराणी, आणि लाडात आल्या तरी अहिराणी, त्यामुळे सुरुवातीला नेमकं काय चाललंय ते कळायचं नाही. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी मार्क द्यायची खोड गेली नव्हती. माझ्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीला पहिल्यांदा पस्तीस मार्क मिळाले. "काठावर पास. कडा जाड." भाजीवाल्याच्या मेथीला पंचावन्न, गल्लीत नवीन आलेल्या सुनेच्या रांगोळीला सत्तर, आमदाराच्या भाषणाला शून्य. माझा नवरा मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतो. त्यानं त्यांची पाण्याची मोटार फुकटात दुरुस्त करून दिली, तर म्हणाल्या, "ऐंशी. वीस मार्क कापले, कारण ओल्या पायांनी घरात आलास."

हिवाळ्यात गच्चीवर कपाशीच्या काड्या पेटवून वांगी भाजायच्या आणि अख्ख्या गल्लीला भरीत वाटायच्या. वास आला की गुड्डी, म्हणजे माझी मुलगी, ताटली घेऊन पहिली हजर. तिच्यासाठी त्या अक्काआजी होत्या. रोज संध्याकाळी ओट्यावर बसून त्या तिची हजेरी घ्यायच्या. वर्गात एकच मुलगी, तरी हजेरी घ्यायच्याच, आणि गुड्डी हात वर करून "हजर!" असं ओरडायची.

अक्कांना दोन मुलगे. थोरला सुरतला कापड बाजारात, धाकटा ऑस्ट्रेलियात. घरात त्या एकट्या. पण 'एकट्या' म्हटलेलं त्यांना आवडत नसे. "एकटी कशी? माझ्याकडे पाच माणसं आहेत," असं म्हणायच्या. ही पाच माणसं कोण, ते मला पहिल्या श्रावणात कळलं.

आमच्या खानदेशात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, आमची देवी, घरात बसते. तिच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, घरातल्या पुरुषांची मोजणी होते, माणशी सव्वा मूठ गहू. रोट घरच्यांनीच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. घरोघरी थोडाफार फरक असेल, पण अक्कांच्या घरची रीत अशी. भाऊबंद वेगळे झाल्यापासून त्या आपली कानबाई स्वतःच बसवायच्या. दोन मुलगे, थोरल्याचे दोन, धाकट्याचा एक, अशी पाच माणसं मोजून गहू घ्यायच्या. येत मात्र कुणीच नसे. थोरल्याचा ऐन सीझन, धाकट्याची सुट्टी नाही. मग पाच जणांचे रोट खाणार कोण? अक्का! रविवारपासून पौर्णिमेपर्यंत, सकाळ-संध्याकाळ, दुधात कुस्करून.

मी नर्स, मला राहवेना. "अहो अक्का, वय काय, पोट काय! निदान जे येतच नाहीत त्यांचे तरी मोजू नका."

"असं कसं? गेला म्हणून माणूस वजा होतो का?" अक्का घास गिळत म्हणाल्या. "धाकट्याला मुलगा झाला तेव्हा लोक म्हणाले, पेढे वाटा. मी म्हटलं, वाटते, पण सव्वा मूठ वाढली त्याचं काय? बठ्ठं मन्हाच पोटमा जास!" सगळं माझ्याच पोटात जातं, म्हणत पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. मी हात पुढे केला तर ताट मागे ओढलं. "तुला नाही. तू आमच्या कुळाची नाहीस. तू भरीत खा."

आता माझं सांगते. गुड्डी पाच वर्षांची झाली तेव्हा मी जर्मनीला जायचं ठरवलं. तिकडे नर्स हव्या होत्या. दोन वर्षं ड्यूटी सांभाळून मी ऑनलाईन भाषा शिकले, पहिल्या खेपेला परीक्षेत नापास झाले, दुसऱ्या खेपेला पास. दवाखान्याचं पत्र आलं. आधी मी एकटीनं जायचं, तिथली नोंदणी, घर, कागदपत्रं झाली की मग नवरा आणि मुलगी. त्याला एक वर्ष लागेल की दोन, कुणीच खात्रीनं सांगत नव्हतं.

जायचं की नाही याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती, हे आधीच सांगून टाकते. नवऱ्याच्याही नव्हती. शंका बाकीच्या जगाला होती. भडगावला माहेरी गेले तर आईपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच, "एवढीशी पोर टाकून चालली!" टाकून? आमच्या गल्लीतला रफिकभाई एसी मेकॅनिक म्हणून तीन लेकरं घरी ठेवून सौदीला गेला, तेव्हा त्याला हार घातले, बिर्याणी झाली, आणि निघताना बायका म्हणाल्या, "बिचारा लेकरांसाठी जातोय." मी माझ्या लेकरासाठीच जात होते आणि तिला तिच्या सख्ख्या बापाजवळ ठेवून जात होते. पण बाप ठेवून जातो आणि आई टाकून जाते, असा काहीतरी कायदा असावा. मी पण ऐकून घेणारी नव्हे. एका मामीला तर तोंडावर म्हटलं, "मामी, तुम्ही चार पोरं वाढवलीत, मामा बावीस वर्षं मिलिटरीत होते. त्यांनी टाकलं होतं का हो तुम्हाला?" मामी अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.

अक्कांनाही विचारलं. म्हटलं, ही बाई शिकलेली, नोकरी केलेली, काहीतरी धीर देईल.

"अक्का, जाऊ का मी?"

"माले काय इचारस?" अक्का वाटाणे सोलत होत्या, मान वर केली नाही. "पाय तुझे, परीक्षा तू दिलीस. मी घरमालकीण. मला भाड्याचं विचार."

"तरी पण, तुम्हाला काय वाटतं?"

"विचारून जाणारी माणसं जात नाहीत, आणि गेली तर सांगणाऱ्याला आयुष्यभर दोष देतात. तू ठरवलं आहेस का?"

"हो."

"मग विचारतेस कशाला? सांग."

"अक्का, मी जातेय."

"शाब्बास. हे ऐंशी मार्कांचं." एवढं बोलून त्यांनी वाटाण्यांचं भांडं माझ्यासमोर सरकवलं.

सगळं ठरलं. राहिला फक्त एक प्रश्न, आणि खरं तर तोच एक होता. गुड्डीला सांगायचं कसं? माझ्या सासूबाई पहूरहून राहायला आल्या होत्या. त्यांच्याकडे तोडगा तयार होता. जायच्या आदल्या आठवड्यात त्या गुड्डीला पहूरला घेऊन जातील. तिथे गाय व्यालेली आहे, वासरू दाखवायला म्हणून न्यायचं. पोर वासरात रमेल, इकडे मी निघून जाईन. "चार दिवस रडेल, मंग विसरेल. आमी बी अशीच केली सगळी," सासूबाई म्हणाल्या. मनानं चांगली बाई. नातीला रडताना बघणं तिच्यानं होणार नव्हतं, एवढंच.

आणि मी हो म्हटलं. मोठ्या तोंडानं मामीला उत्तर देणारी मी लगेच हो म्हटलं. कारण मला नवीन काहीच वाटलं नाही. आपल्याकडे सगळे हेच करतात. लेकराला "ते बघ कबुतर" म्हणायचं आणि मागच्या मागे सटकायचं. गुड्डीला दोन वर्षांची असल्यापासून मी असंच सोडून ड्यूटीला जात होते. सकाळी नवरा तिला गच्चीवर कबुतरं दाखवायचा, आणि मी हातात चप्पल घेऊन जिना उतरायची. चप्पल हातात का, तर पावलांचा आवाज नको म्हणून!

हे सगळं आम्ही जिन्यात बोलत होतो. अक्कांच्या दाराची कडी काढल्याचा आवाज झाला आणि बाई बाहेर आल्या. सहा वर्षांत एवढं चिडलेलं मी त्यांना पाहिलं नव्हतं.

"पोर शे ती, बकरी नही! वासरू दखाडीसन मायले पळाडतस?" आणि माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "डोया चुकाडीसन जाशी ते जनमभर डोया चुकाडशी!"

डोळा चुकवून गेलीस, तर जन्मभर तिचा डोळा चुकवत बसशील. सासूबाई कसनुशा झाल्या. "तुमी मास्तरीणबाई, तुमचं शास्तर येगळं," एवढं पुटपुटून आत गेल्या. अक्का पायरीवर बसल्या. मी खालच्या पायरीवर बसले. मग बोलल्या त्या अगदी शांत, पाठ्यपुस्तकी मराठीत.

धाकटा चार वर्षांचा असताना अक्कांची बदली साक्रीच्या पलीकडे डोंगरातल्या शाळेवर झाली. सोमवारी पहाटेची एसटी, शनिवारी संध्याकाळी परत. मुलगा रविवारी रात्री त्यांचा पदर मुठीत धरून झोपायचा. पहाटे त्या त्याच्या मुठीतून पदर सोडवायच्या आणि तिथे सासूच्या लुगड्याचं टोक ठेवायच्या. त्याला लुगडं तेच वाटावं म्हणून ते आदल्या दिवशी आपल्या अंगाला लावून ठेवायच्या. "इतकी हुशार होते मी," अक्का म्हणाल्या.

काही महिन्यांनी पोरगा रविवारी झोपेनासा झाला. डोळे ताणून जागा राहायचा. पण चार वर्षांचं पोर कितीसं जागणार? पहाटेपर्यंत डुलकी लागायचीच. असं दोन वर्षं चाललं.

"मग एका सोमवारी मी उठले. पदर त्याच्या मुठीत नव्हता. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता, डोळे मिटून. मला कळलं, हा जागा आहे. आणि मला कळलंय, हे त्यालाही कळलं. मी पिशवी उचलली आणि निघाले. उशीर झाला असता ना! एसटी चुकली असती. मला जाणं सोपं व्हावं म्हणून त्यानं डोळे मिटले, की माझं तोंड बघायचं नव्हतं म्हणून, हे मला आजवर कळलेलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही."

"आता तो आला की कसा जातो, माहीत आहे? तीन वर्षांतून एकदा येतो. हसतो, बोलतो, घरभर सामान आणतो. जायच्या दिवशी मी आंघोळीला गेले की निघून जातो. बाहेर आले की टीव्हीवर किल्ली ठेवलेली. पहिल्यांदा ऑस्ट्रेलियाला गेला तेव्हा मुंबईच्या विमानतळावरून फोन केला. म्हणाला, आई, तुला त्रास नको म्हणून सांगितलं नाही. त्याचं काही चुकत नाही. मीच शिकवलं त्याला. शिक्षिका आहे ना मी."

मी रोज तोंड दाखवत होते ते कशासाठी, हे सहा वर्षांनी कळत होतं. आणि लाज वाटत होती ती वेगळ्याच गोष्टीची. या बाईला मी रोज तोंड दाखवून जात होते आणि माझ्याच पोरीचं तोंड चुकवून.

"काय करू, अक्का?"

या वेळी त्यांनी उत्तर दिलं. "बसून सांग, उभ्यानं नको. उभ्यानं सांगणारा माणूस पळायच्या तयारीत असतो. हातात चॉकलेट देऊ नको, पोरांना लाच कळते. किती दिवस ते माहीत नसेल तर माहीत नाही म्हण. आणि ती रडली तर तू उठून पाणी प्यायला जाऊ नको."

दुसऱ्या दिवशी मी गुड्डीला घेऊन गच्चीवर बसले आणि सगळं सांगितलं. माझा आवाज दोनदा फाटला, पण मी पाणी प्यायला गेले नाही.

गुड्डीनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "शाळेत कोण सोडणार?"

"पप्पा."

"वेणी कोण घालणार?"

"अक्काआजी."

"त्या घट्ट घालतात. डोळे वर जातात माझे." आणि मग तिला खरी गोष्ट समजली. तिनं मला मारलं. दोन्ही हातांनी, दमेपर्यंत. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बर्फासाठी घेतलेल्या माझ्या नव्याकोऱ्या बुटांतला एक पाण्याच्या ड्रममध्ये सापडला. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. अक्का खूश. "बरं झालं. राग बाहेर आला. आत राहिला असता तर बुटावर भागलं नसतं."

पुढचे तीन आठवडे सोपे गेले, असं मी म्हणणार नाही. रोज एक प्रश्न यायचा. तिकडे रात्र कधी होते? तू आजारी पडलीस तर? तू दुसरी मुलगी आणणार का? मी एकेकाचं उत्तर देत गेले. माहीत नसलं की माहीत नाही म्हणत गेले. आणि रोज सकाळी चप्पल पायात घालून, तिच्यासमोर उभी राहून, "मी ड्यूटीला जातेय" असं सांगून जाऊ लागले. पहिल्या दिवशी तिनं गल्ली डोक्यावर घेतली. आठव्या दिवशी दात घासता घासता हात हलवला.

पुढे माझ्या माणसांना तिकडे यायला सतरा महिने लागले. त्या सतरा महिन्यांत गुड्डी माझ्याशी फोनवर रुसली, भांडली, एकदा "तू वाईट आहेस" असंही म्हणाली. पण फोनपासून कधी पळाली नाही. पळालेल्या आईची मुलगी नव्हती ना ती.

जायच्या दिवशी सकाळी अकराला गाडी दारात आली. नवरा मुंबईपर्यंत सोडायला येणार होता. गल्लीतले बरेच जण जमले होते. सासूबाईंनी हातावर दही-साखर घातली. त्या आदल्या रात्रीपासून रडत होत्या, पण गुड्डीला आत नेऊ का, असं एकदाही म्हणाल्या नाहीत. मी गुड्डीसमोर खाली बसले. "गुड्डी, मी आता जातेय. उद्या पोहोचल्यावर फोन करीन."

तिनं माझ्या गळ्याला मिठी मारली आणि असा हंबरडा फोडला की कोपऱ्यावरची गिरणी थांबली. मीही रडले. लपवलं नाही. अशा वेळी डोळ्यांत काहीतरी गेलं म्हणणाऱ्या बायका मला आवडत नाहीत. रडू आलं, रडले. नवऱ्यानं घड्याळाकडे बघितलं. मी मिठी सोडवली, सगळ्यांच्या पाया पडायला उठले, आणि बघते तर अक्का नाहीत.

ओट्यावर नाहीत, दारात नाहीत. कुणीतरी म्हणालं, आत्ता तर इथेच होत्या. सासूबाई म्हणाल्या, मागच्या बाजूला गेल्या वाटतं, गॅसवर डाळ ठेवलीय म्हणत होत्या. मला एकदम कळलं. माझी गाडी दारात असताना कसली डाळ! सहा वर्षं दारात उभी राहून रोज मला बघणारी बाई आज मागच्या मोरीत जाऊन दडली होती. मला हसूही येईना आणि राग तर मुळीच येईना. म्हटलं, राहू दे. सगळ्यांनाच सगळं जमत नाही. मी गाडीचं दार उघडलं.

"थांब," गुड्डी म्हणाली. नाक फ्रॉकला पुसलं, रडणं तसंच चालू, आणि तरातरा घरात गेली. आतून तिचा आवाज आला. मग अक्कांचा. मग पुन्हा तिचाच, यावेळी मोठ्यानं. मिनिटभरानं ती बाहेर आली ती अक्कांचा पदर दोन्ही हातांनी ओढत. अक्कांचं तोंड नुकतंच धुतलेलं, केसांतून पाणी गळत होतं, आणि नजर खाली जमिनीकडे. एवढ्या मोठ्या बाईला मी कधी असं चोरासारखं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

गुड्डीनं त्यांना माझ्यासमोर आणून उभं केलं.

"अक्काआजी, खाली नको ना बघू. आई चाललीय. तिच्याकडे बघ."

अक्कांनी मान वर केली. मार्क नाहीत, अहिराणी नाही, काहीच नाही. गुड्डीनं एका हातात त्यांचा पदर धरला होता, दुसऱ्या हातानं ती डोळे पुसत होती, पण तिचीही नजर माझ्यावरच होती.

मी गाडीत बसले, काच खाली केली, आणि दोघींच्या डोळ्यांदेखत गेले.